मागच्या खिडकीच्या बाई

उन्नतीने फळ्यावर आधी लांबच लांब आडवी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत ‘स्वागत’ लिहायला घेतलं. शोभाताईंच्या हातातला चहा हातातच राहिला.

“असं लिहाले तुले कोणी शिकवलं वं?”

“दुसऱ्या बाईंनी. त्या मागच्या खिडकीपाशी बसत नं?”

काटोलची ही लिहायला-वाचायला शिकवणारी अकादमी शोभाताईंनी एकटीने उभी केली होती. दारोदार हिंडून पोरं गोळा केली, शिकवलं त्यांनीच, झाडलोटही त्यांचीच. आता रविवारी जुन्या मुलांचा मेळावा, आणि सोमवारी इमारत पाडणार. मेळाव्यात वाचायचा अकादमीचा इतिहास लिहायला त्यांची जुनी विद्यार्थिनी उन्नती मुद्दाम हुडकेश्वरहून आली होती. त्या इतिहासात भलतीच वाटेकरीण निघावी, हे शोभाताईंना चांगलंच झोंबलं. इथे दुसरी बाई कधीच नव्हती, असं त्यांनी ठणकावलं.

उन्नती गोंधळली. तिने जुन्या मुलांपैकी ज्यांना ज्यांना फोन केला, त्या सगळ्यांनी त्या बाईंची आठवण काढली होती. ज्याला अक्षर जमत नसे, त्याच्याजवळ त्या येऊन बसत आणि हात धरून गिरवून घेत. बोलत कधीच नसत. काटोलच्या मे महिन्यातही त्यांचा हात माठासारखा गार लागे.

“इथं जुनी खूण होती त्यांच्या,” उन्नतीने भुवईवर बोट ठेवलं.

शोभाताईंनी हातातला चहा बाकावर ठेवला. झोपाळ्यावरून पडून तिथेच लागलं होतं मायाला, त्यांच्या धाकट्या बहिणीला. अकादमी दोघींनी मिळून काढायची ठरली होती, पण दार उघडण्याआधीच्या उन्हाळ्यात माया तापाने गेली. आधी रेघ ओढते म्हणून लहानपणी तिने किती मार खाल्ला! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मायाची मेल्यावरही गेली नव्हती.

भीती शोभाताईंना वाटलीच नाही. आला तो राग, आणि मग रडू.

“साऱ्या गावाच्या पोराईले दिसली. मलेच काहून नाही दिसली वं?”

उन्नतीने खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

“तुम्हाले लिहिता येत होतं नं, बाई.”

शोभाताईंनी तिला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. पोरांच्या पाट्यांतली एक घेऊन त्या खिडकीखाली जमिनीवर बसल्या. ज्या डाव्या हाताने त्यांना जन्मात एक अक्षर काढता आलं नव्हतं, त्यात त्यांनी पेन्सिल धरली, पाटीवर टेकवली आणि हात सैल सोडला.