वीरची खोली

शेळी काही बसेना. बिरवाडीतल्या त्या खोलीपुढच्या अंगणात सोनबाने तिला दहा वेळा चुचकारलं, पाला पुढे टाकला, स्वतः उकिडवा बसून दाखवलं. ती आपली कान टवकारून उभी. तेवढ्यात कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला आणि तिने दोरीला असा हिसडा दिला की सोनबाच उताणा व्हायचा राहिला.

"नाय. ही जागा नाय," दोरी आवरत तो म्हणाला.

"बाबा, अरे भाड्याची खोली बघतोय आपण, गोठा नाय बांधायचा!" अनुपमाला हसू आवरेना. पण घरमालक दारात उभा राहून बघत होता, त्याची लाजही वाटत होती.

"जागा ती जागा. गोठा काय न् खोली काय."

आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला सोनबाची वाडी. तिथे जागा माणूस निवडत नाही. जनावर नेऊन सोडायचं, ते जिथे बसून रवंथ करील तिथे घराची मेढ रोवायची. सोनबाच्या आज्यापासून असंच चालत आलेलं. आता लेकीला पनवेलच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली, म्हणजे अगदी मुंबईच्या अंगणात, आणि राहायचं कुठे हा प्रश्न आला. त्यासाठी घराण्याची रीत मोडावी असं सोनबाला काही वाटलं नाही. दुधाच्या टेम्पोत शेळी घातली आणि आला खाली.

अनुपमाचं माप वेगळं. तिच्या मोबाइलात मिनिटं होती. बिरवाडीहून वीर स्टेशनला रिक्षा मिळाली तर एवढी, नाही मिळाली तर तेवढी. महाडच्या बाजारपेठेतून थोडी कमी. सकाळची पॅसेंजर चुकली की दिवस बुडाला. पनवेललाच एकटी राहिली असती तर हा घोळ नको होता, पण बाप अडून बसला होता, आणि दोघांपुरती खोली तिथे परवडणारी नव्हती. बायको गेली तेव्हा पोर सहावीत होती. तेव्हापासून दिवेलागणीला तिचा आवाज घरात आला की त्याचा दिवस संपायचा. कॉलेजसुद्धा तिने एसटीने जाऊन-येऊन केलं होतं. पोरीने रोज संध्याकाळी घरी यावं, एवढंच त्याला हवं होतं. घर मग डोंगरावर असो, नाहीतर रुळाच्या काठाला.

"मी येतो खाली," त्याने सांगून टाकलं होतं. "म्हशी इकतो. शेळ्या भाऊबंदातला सहदेव बघंल."

महाडातली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. शेळी जिने झपाझप चढली, पण वरच्या गुळगुळीत फरशीवर तिचे चार पाय चार दिशांना गेले. राहिलं वीर. स्टेशनाजवळच मंजुळाबाईंच्या घरामागे एक खोली, पुढे सारवलेलं अंगण, कडेला शेवगा. शेळीने जमीन हुंगली, पुढचे गुडघे मोडले आणि ऐसपैस बसून रवंथ करू लागली.

"बसली गो!" सोनबा ओरडला.

"सहा मिनिटं, बाबा! फक्त सहा!" चालत स्टेशन गाठून, घड्याळ लावून अनुपमा पळतच परत आली होती.

मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. "भाडेकरू कोण म्हणायचं? तुम्ही की ही?"

ते तीन महिने सोनबाला अजून खरे वाटत नाहीत. गुढीपाडव्याला त्यांनी सामान आणलं. दुपारी भात-कालवण करून तो फलाटावरच्या बाकावर जाऊन बसायचा. गाडीला अवकाश असे. ऊन रुळांवरून हळूहळू पलीकडच्या शेतात उतरे. सोनबाला डुलकी लागे, आणि त्या डुलकीत कधी वाडीवरचा वारा येई, कधी त्याची बायको शेजारी येऊन बसे. काही बोलायची नाही, नुसती गाडीच्या दिशेने बघायची. मग धडधड ऐकू आली की तो जागा होई. एवढ्या माणसांतून आपली पोर उतरताना दिसली की त्याला दरवेळी नवल वाटायचं. एवढी लांब गेली आणि दिवे लागायच्या आत आलीसुद्धा! घरी येऊन ती भाताबरोबर सगळा दिवस सांगे, तो ऐकत राही.

जून अर्धा झाला आणि एका संध्याकाळी गाडी आलीच नाही. आली ती रात्री उशिरा.

"अहो, पावसाळ्यात कोकणच्या गाड्यांना वेगळं वेळापत्रक असतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "सकाळचीसुद्धा आता वेळेत पोचवणार नाही तिला. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. तुम्ही खोली घेताना कुणाला विचारलं नाहीत?"

त्याने शेळीला विचारलं होतं, अनुपमाने मोबाइलला. माणसाला विचारायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

आठ दिवस पोरीने रेटलं. डोळे खोल गेले, दवाखान्यात बोलणी बसली. मग तिने पनवेलला दोन मुलींच्या खोलीत एक खाट घेतली. "ऑक्टोबरपर्यंतच, बाबा. शनिवारी येईन."

ऑक्टोबर सरला. गाडी आपल्या जुन्या वेळेवर आली, पण अनुपमा शनिवारीच येत राहिली. खाटेपासून दवाखाना पाच मिनिटांवर होता. तिने विषय काढला नाही, त्यानेही नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ती आली ती दोन डबल ड्युट्या करून. कशीबशी जेवली आणि झोपली. रविवारी उठली, चहा घेतला, पुन्हा आडवी झाली. सोनबाने तिच्यासाठी आठवड्याचं बोलणं साठवून ठेवलं होतं. तो उशाशी येऊन बसला. दुपार अशी शांत होती की शेवग्याची पानं गळतानाही ऐकू यावीत.

"म्हशी इकल्या त्याचं वायट वाटतं गो," तो हळूच म्हणाला. ती झोपेतच होती. मग त्याला धीर आला. "धाकटीला नवा मालक काय नावानं हाक मारतो, कोन जाने. सहदेव म्हनतो, ये वर. मला हितं करमत नाय, अनू. दिवस जाता जात नाय. पन मी वर असलो तर तू येशील कुठं? एका दिवसात चढून उतरायचं कवा? गाडी येळेवर येते आता. रोज बघतो मी. तू सांगितलं नायस, बरं केलंस. पाच मिन्टावर हायस, सुखी हायस. मला काय कळत नाय व्हय?"

तिने कूस बदलली. झोपेत ती सहावीतली दिसत होती.

परतीच्या गाडीला वीस मिनिटं उरली होती. नाही उठवली तर? गाडी जाईल, ती चिडेल, पण आजची संध्याकाळ घरात राहील. कंदिलासारखी एक संध्याकाळ. तो बसून राहिला. पाच मिनिटं गेली, अजून पाच गेली.

मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अनू, ऊठ गो. गाडीचा टाइम झाला."

ती धडपडत उठली, तोंड धुतलं, केस बांधले. दोघं जवळजवळ पळतच फलाटावर आली. दूर सिग्नल पडला होता.

"बाबा, मी नुसती झोपलेच की रे! दोन दिवस आले न् तू काहीच बोलला नायस."

"बोललो की. सगळं बोललो. तू निजली व्हतीस."

ती मोठ्याने हसली. तिला ती बापाची नेहमीची थट्टा वाटली. सोनबाही हसला, आणि गाडी थांबताच तिची पिशवी उचलून डब्याच्या दाराशी गेला.