हडळीचं सहावं बोट

फैझानने प्लास्टिकच्या पाकिटातून मुखपृष्ठ अलगद काढलं आणि सगुणाआजींच्या घराच्या ओटीवर, वाऱ्याने उडणार नाही अशा बेताने ठेवलं. ‘निळ्या विहिरीची सून’. किंमत दोन रुपये. विहिरीच्या काठावर डावा पंजा रोवून वर येणारी हडळ, मोकळे केस, हिरवा चेहरा, आणि डोळ्यांत असा तोरा की भीती वाटायच्या आधी माणूस तिच्या प्रेमात पडावा. फैझान तर पार पडला होता. मिरजोळ्याच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून तो बारा वर्षं जुन्या भयकादंबऱ्या जमवत होता, पण हिच्यासारखी दुसरी नाही. चिपळूणच्या एका रद्दीवाल्याकडे ती मिळाली, तीही पुस्तकाशिवाय.

आता संग्राहकांच्या ग्रुपवरचे जाणकार म्हणत होते, ही खोटी आहे. हडळीच्या पंजाला सहा बोटं होती. अशी चूक एआयच करतं, जुन्या कागदावर नवी छपाई करून फैझानला कुणीतरी टोपी घातली! उद्याचं जुन्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरवणाऱ्या विनीतने तर कळवलंच होतं : आज दुपारपर्यंत पुरावा दे, नाहीतर हे लावता येणार नाही. फैझानला रात्रभर झोप लागली नव्हती.

चित्राच्या कोपऱ्यात बारीक सही होती, ‘महिपत’. बाजारात चौकशी करता करता कळलं, दुकानांच्या पाट्या रंगवणारा महिपत पेंटर याच गावातला. तो जाऊन वीस वर्षं झाली. घरी त्याची बायको असते, सगुणाआजी.

आजींनी उजव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. डावा पदराखाली होता.

“आजी, आजोबांनी आधी काढलेलं कच्चं चित्र, एखादं पत्र, काही आहे का?”

“कुठचं रे बाबा. सगळं वाळवीनं खाल्लं.”

फैझानचा चेहरा उतरला. “लोक म्हणतात, हे माणसानं काढलेलंच नाही. सहा बोटं कुणाला असतात, म्हणतात.”

आजी चित्राकडे बघत राहिल्या. मग खुदकन हसल्या.

“मी म्हटलं व्हतं त्यांना, एक बोट गाळा. ऐकलं न्हाय. म्हणाले, हायत तेवढी काढणार.”

त्यांनी पदराखालचा हात काढून हडळीच्या पंजाशेजारी ठेवला. करंगळीला बिलगून आणखी एक इवलंसं बोट, चित्रातल्याइतकंच बाहेर वळलेलं.

फैझानला ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडलाच. त्याने दोन्ही पंजांचा एकत्र फोटो काढून ग्रुपवर पाठवला. पाच मिनिटांत विनीतचं उत्तर आलं. फैझानने ते मोठ्याने वाचून दाखवलं, “माफ कर फैझान. चित्र मधोमध लावतो, शेजारी हा फोटोपण.”

“नुसता हातच लावणार?” आजींनी विचारलं.

“म्हणजे?”

“जल्मभर ह्यो हात लपवला मी. चार लोकांत मिरवला तो त्यांनीच. आता म्हाताऱ्याला एकट्याला कशाला मिरवू देऊ? थांब जरा.”

त्यांनी अंबाड्याच्या पिना काढल्या. पांढरे केस खांद्यांवर मोकळे सोडले, डावा पंजा ओटीच्या कडेवर रोवला आणि मान वर करून बघितलं.

फैझान नकळत एक पाऊल मागे सरला. मग त्याने फोटो काढला.