हौसामावशींच्या कमरेवर एक दिवस

मी एक जुना रेकॉर्डर आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मित्रांनो. पनवेलच्या एका पोटाच्या दवाखान्यात मला पिशवीत घालून रुग्णाच्या कमरेला बांधतात. रुग्ण कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळतो, ती आतड्यांतून सरकत चित्रं पाठवते आणि मी ती साठवतो. अर्थ मात्र मला काडीचा कळत नाही. गुलाबी, पिवळं, पुन्हा गुलाबी! माझं निम्मं आयुष्य गोंधळातच गेलं.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक होतं! मग नवे रेकॉर्डर आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. एकदा नवा बिघडला, म्हणून दवाखान्यातल्या परिचारिका भावनाताईंनी मला पुसून हौसामावशींच्या कमरेला बांधलं.

हौसामावशी उरणकडच्या कोळीण. पनवेलच्या बाजारात मासळी विकतात. वर्षात दोनदा त्यांना रक्त चढवावं लागलं होतं. शौचाला काळं होई, बसल्या जागी भोवळ येई. दुर्बीण तोंडातून घातली, खालूनही घातली, दोन्हीकडे स्वच्छ. राहिलं मधलं वीस फुटांचं लहान आतडं. रक्तस्राव सापडला नाही तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर अनुया म्हणाल्या होत्या. कुठली औषधं घेता, हेही त्यांनी विचारलं होतं.

"कंचीच नाय," मावशींचं उत्तर.

"मावशी, आज घरी आराम करा," भावनाताईंनी बजावलं.

"मासली इकली नाय तं नासंल, बाय!" असं म्हणत मावशी मला घेऊन थेट बाजारात.

दुपारी त्यांचे गुडघे ठणकू लागले. टोपलीखाली ठेवलेल्या बटव्यातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी गिळली. एरवी बटवा कमरेला असे, आज तिथे मी होतो; म्हणून पट्टी हाताशी राहावी यासाठी माझ्याच पिशवीत खोचली. मला मासळीचा वास आला, एवढंच. इकडे माझ्याकडे लाल चित्रं येत होती. वाटलं, कपाटात पडून पडून मीच बिघडलो! फार ओशाळलो.

दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरांनी चित्रं पाहिली. लहान आतड्यात बारीक जखमा होत्या, एक अजून वाहत होती. "पण या झाल्या कशाने?" त्या कोड्यात पडल्या. तेवढ्यात माझी पिशवी पुसताना भावनाताईंच्या हाती ती पट्टी लागली.

"मावशी, हे काय?"

"ती तं गुडघ्याची गोली हाय. चार वर्सं घेतंय. पोटाच्या दवाखान्यान कशाला सांगू?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्याच गोळ्यांनी आतडं सोललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गोळ्या बंद झाल्या, वाहती जखम लांब दुर्बिणीने बंद केली.

तीन महिन्यांनी मावशी आल्या. चेहऱ्यावर तजेला होता. बसायच्या आधीच त्यांनी बटवा टेबलावर रिकामा केला. चूर्ण, मलम, शेजारणीने दिलेली पुडीसुद्धा! "बघ बाय, सगला काढला."

गुडघ्याची गोळी आतड्याला कशी जखम करते, हे मला अजून उमगलेलं नाही. पण मित्रांनो, एक विनंती. डॉक्टरांना प्रत्येक गोळी सांगा, अगदी क्षुल्लक वाटली तरी. दिवसभर ती पट्टी माझ्या पोटाशी होती आणि मला सांगता आलं नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.