मोकळ्या हाताचं ठाणं

आता ह्याला काय म्हणावं? दोन चांगले बाप्ये गडी, दोघांच्याही कानाशी केस पिकायला लागलेले, आणि करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांवरून महिनाभर अबोला! श्रीधर सिल्वासात बादल्या-मगांच्या कारखान्यात इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. गोकुळ त्याच कारखान्यात साचे कोरणारा, धुळ्याकडचा. साल त्र्याण्णव. गोकुळला नाशकात नोकरी लागली होती आणि आज दुपारी त्याचा टेम्पो निघणार होता.

सकाळीच विद्या नवऱ्यावर कडाडली. "आज गेला नाहीत ना, तर जन्मभर माझ्यापुढे हेच दळण दळाल. उठा आधी!"

श्रीधर उठला. स्कूटरला किक मारून गोकुळच्या नरोलीच्या रस्त्याला लागला. ह्या गावात त्याला दुसरं होतं कोण? कारखान्यात सगळे ‘सर, सर’ करणारे. ‘भाऊ, तुम्ही चुकताय’ असं तोंडावर सांगणारा एकटा गोकुळ. तो असाच न बोलता निघून गेला तर काय, ह्या विचाराने त्याला रडूच यायचं बाकी होतं.

खेळ दोघांचा होता. नियम श्रीधरचे, सैनिक गोकुळचे. कुणी पट्टीने मोजून किती चालायचं, फाशावर किती पडले की वार लागायचा, हे श्रीधरने ठरवलेलं. पण खरी करामत गोकुळची. भंगारातला प्लास्टिकचा गोळा घ्यायचा, तापल्या सुईने कोरायचा, की माणूस उभा! बादलीच्या लाल प्लास्टिकचे श्रीधरचे, मगाच्या निळ्याचे गोकुळचे. ते सैन्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्रीधरच्या हातातला चहा गार झाला होता. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही हो! एकाला धाप लागलेली, एकाच्या पायात काटा रुतलेला, एक नुसताच घाबरलेला. देवाने तरी माणसं घडवताना एवढी सवड काढली असेल का, असं त्याला वाटून गेलं होतं.

भांडण झालं ते शेवटच्या डावाला. नियम साधा होता: डाव संपताना किल्ल्यात ज्याचा माणूस, त्याचं ठाणं; ठाणं धरलेल्याने मग जागा सोडायची नाही. आणि झटापटीचा नियमही साधाच: दोन सैनिक एकदा भिडले की एक पडेपर्यंत कुणी हलायचं नाही. आता झालं काय, की श्रीधरचा लाल किल्लेदार आत उभा, गोकुळचा निळा शिपाई तट चढून त्याला भिडला, कुणीच पडेना, आणि डाव संपला. मग ठाणं कुणाचं? श्रीधर म्हणाला, "मी आधीपासून आत." गोकुळ म्हणाला, "मी तट चढून आलो, त्याचं काहीच नाही?" श्रीधर बोलून गेला, "नियम मी केलेत, मला शिकवू नकोस." झालं! तिथेच दूध नासलं.

नरोलीच्या चाळीतल्या त्या खोलीत श्रीधर शिरला आणि दारातच थबकला. भांडीकुंडी बांधून झाली होती, गाद्या गुंडाळल्या होत्या, पण खाटेवरच्या फळीवर डाव जसाच्या तसा. थर्माकोलचे डोंगर, निळ्या कागदाची दमणगंगा, किल्ला, किल्ल्यात भिडलेले ते दोघे. महिनाभर त्या डावाला कुणी बोट लावलं नव्हतं. गोकुळ आणि त्याची आई आक्काबाई, दोघं तेवढे दिवस जमिनीवर झोपत होती.

"या साहेब," गोकुळ म्हणाला.

घरात तो कधी साहेब म्हणत नसे. श्रीधरला ते फार लागलं. माफी मागायला आलेला माणूस, पण लागल्यावर काय बोलणार? "अजूनही ठाणं माझंच आहे," असं म्हणून बसला. घ्या!

"असं? मग दाखवाच," गोकुळने दारातली रिकामी घागर दोघांच्या मधे ठेवली. "हा किल्ला. तुम्ही आधीपासून उभे. हा मी आलो." आणि त्याने श्रीधरचे दोन्ही दंड धरले. श्रीधरनेही त्याची मनगटं आवळली. तो रेटतोय, हा रेटतोय, दोघंही लाल. शेजारची केसरबाई तोंडाला पदर लावून बघत उभी राहिली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला, "पाणी आलं, पाणी आलं!" ह्या चाळीत नळाला पाणी आलं की सख्खी बहीणही ओळख देत नाही. आक्काबाई मागून तरातरा आली, दोघांच्या पायांतून घागर ओढली आणि कमरेवर घेतली.

"कशाले झोंबताय रे रेड्यांसारखे? नळावर दोघी एकमेकींच्या झिंज्या धरतात, अन् तिसरी भरून जाते. तुमचे हात गुंतलेत, घागर माझी!" म्हणत ती गेलीसुद्धा.

श्रीधर तसाच उभा राहिला, गोकुळची मनगटं हातात धरून. म्हातारीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती बिचारी पाण्याच्या घाईत होती. पण त्याला दिसलं. "गोकुळ," तो हळूच म्हणाला, "झटापटीत गुंतलेल्याचं ठाणं नाही. तुझं नाही, माझंही नाही. ठाणं मोकळ्या हाताचं."

दोघंही फळीकडे धावले. किल्ल्यात मोकळ्या हाताचं कोण आहे?

कुणीच नव्हतं. लाल नाही, निळा नाही. फक्त किल्ल्यातल्या पाण्याच्या टाक्याच्या काठी एक पांढरी बाई, घागर घेऊन. श्रीधर आजवर तिला झाडाझुडपांतच मोजत आला होता. तो वाकला. नाकात नथ, लुगड्याचा ओचा वर खोचलेला, घागरीच्या भाराने डावा खांदा जरा उतरलेला. तांदळाएवढ्या त्या तोंडावर आक्काबाईची वैतागलेली जिवणी होती.

"ही केव्हा केलीस?"

"सगळ्यांत पहिली," गोकुळ म्हणाला. "लढाई म्हटली की पाणी कुणीतरी भरणारच ना, भाऊ."

भाऊ! श्रीधरचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. "चुकलो रे मी," तो म्हणाला.

आक्काबाई भरली घागर घेऊन परत आली, तर दोघं फळीवर डोकं घालून बसलेले. तिनेही वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं बया, ही तर मीच!"

"किल्ला तुझा झाला, आई," गोकुळ म्हणाला.

दुपारी टेम्पो आला. गोकुळने निळे सैनिक डब्यात भरले, लाल श्रीधरच्या पिशवीत घातले. पांढऱ्या बाईला मात्र हात लावला नाही.

"आणि ह्या?" श्रीधरने विचारलं.

"ठाणं धरलेल्या माणसाने जागा सोडायची नाही. नियम तुमचाच आहे, भाऊ. किल्ला तुमच्याकडे राहू द्या, मी दिवाळीला येतो खेळायला."

आक्काबाई टेम्पोत चढता चढता परत फिरली. श्रीधरच्या हातातल्या किल्ल्यावर वाकली आणि त्या तांदळाएवढ्या तोंडाशी बोलली, "बाई, मी निघाले. दोघांनाही पाणी पाजत जा."