सत्काराचं तबक

संशोधनाच्या चर्चासत्रात शालींचं काय काम, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात कारंज्याच्या आमच्या कॉलेजात पहिलंच चर्चासत्र भरलं. विषय भारदस्त होता, सजीव पेशीतले रेणू आणि त्यांपासून तयार होणारे पदार्थ. नागपूरहून डॉ. शालिग्राम आले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाची एक जागा रिकामी होती, आणि माझा निबंध ऐकून मला घ्यायचं की नाही ते ठरवणार होते. मी तेव्हा वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. ही जागा हुकली तर जन्मभर दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांना बेडकाच्या शेजारच्या टेबलावर कांद्याची साल दाखवत बसायचं होतं.

माझा निबंध कापसावर होता. कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. आधी ती लांब वाढते, मग आतून सेल्युलोजचे थर चढवून भिंत जाड करते, आणि त्या भिंतीवर धाग्याची ताकद ठरते. ऐन थर चढायच्या दिवसांत झाडाला पाणी कमी पडलं तर काय होतं, ते मी धनजच्या आमच्या वावरात तपासलं होतं. फूल उमललं की त्याच दिवशी देठाला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे बोंडाचं वय चुकत नाही. मी कारंज्यात असले की दोरे बाबा बांधायचे. देवमनची पोरगी कपाशीला राख्या बांधते म्हणून गावानं आमची भरपूर टर उडवली होती. ते बाबा आज पांढराशुभ्र सदरा घालून मागच्या बाकावर बसले होते.

सकाळी प्राचार्य दौलतरावांनी माझ्या हातात तबक ठेवलं. शाली, नारळ, हार. सत्काराचं तबक बाईनंच धरायचं असतं, आणि विज्ञान विभागात बाई मी एकटीच. पाच मिनिटांचं काम आहे, मग तुमचाच निबंध, असं ते म्हणाले.

आधी डॉक्टरांचा सत्कार झाला. मग संस्थेच्या अध्यक्षांचा. मग मांडववाल्याचा, माइकवाल्याचा, आणि ज्यांच्या मोटारीतून डॉक्टर मूर्तिजापूर स्टेशनावरून आले त्या जिनिंगवाल्या शेटजींचा. ज्याला शाल मिळे तो दोन शब्द बोलायला उभा राही, आणि दोन शब्दांवर एकही थांबला नाही. शेटजी जन्मभर कापसात वावरलेले, पण बोलले आपल्या काशीयात्रेवर. तबक हलकं झालं की शिपाई आतून आणखी नारळ आणून भरायचा. माझे दंड भरून आले होते. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले, त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

बाबा हळूच मंचाच्या कडेला आले.

"वच्छे, तू कवा बोलशील?"

"आता, बाबा."

"मघापासून आताच चालून राह्यलं," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

शेवटी दौलतरावांनी माइक घेतला. वेळेअभावी वच्छलाबाईंचा निबंध वाचला असं समजू या, म्हणाले. वाईट मात्र वाटून घ्यायचं नाही, कारण त्यांचाही सत्कार आपण करणार आहोत. अशा घरातून, अशा समाजातून येऊन ही मुलगी एवढी शिकली, हेच आपल्या कॉलेजला भूषण आहे. टाळ्या पडल्या. माझ्याच हातातल्या तबकातली शाल उचलून ते माझ्या खांद्याकडे वळले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दोन हंगाम मी उन्हात काढले, ते कुणाला ऐकायचं नव्हतं. मी कोणत्या घरची, एवढंच त्यांना सांगायचं होतं, तेही बाबांच्या तोंडावर.

"सर, हे जरा धरा," मी म्हटलं.

त्यांनी सवयीनं हात पुढे केले. तबक त्यांच्या हातात देऊन मी फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि पेशीची भिंत काढायला सुरुवात केली. अर्धे उठलेले डॉक्टर खाली बसले. दौलतरावांनी तबक ठेवायला जागा शोधली, पण टेबल हारांनी भरलेलं. अध्यक्षांपुढे केलं तर अध्यक्षांनी मान फिरवली. मग मी बोलत होते तोवर प्राचार्य तबक धरून माझ्या मागे उभे होते. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

पाणी तुटलेल्या झाडाच्या तंतूची भिंत पातळ राहते आणि धागा लवकर तुटतो, इथपर्यंत आले आणि थांबले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी तुटल्यावर पेशी सेल्युलोज हळू बनवते, की बनवायचंच लवकर थांबवते?"

ते मी तपासलंच नव्हतं. "मले माहीत नाही," मी म्हटलं. मंचावर अशी बोली कधी बोलत नसे, पण रागात तीच आली.

"मलाही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "जूनमध्ये नागपूरला या, शोधू." आणि ते मोटारीकडे पळाले. हार टेबलावरच राहिला.

धनजच्या एसटीत बाबांनी दोन तिकिटं काढली. मग म्हणाले, "त्या साहेबानं इचारलं ते तुले आलं नाही. तरी तू खुश दिसून राह्यली होती. काहून?"

"बाबा," मी म्हटलं, "सकाळपासून माझ्या कामाचं कोणी काही विचारलं ते तेवढंच."