खुंट्यांची रांग

हातोडा पडला, तशी लोखंडी खुंटी दोन फरशांच्या फटीतून अंगणात उतरली. मोठ्या बाईंनी कमरेवरचा हात काढला नाही.

"रस्ता खचलाय बाहेर आणि खिळे माझ्या अंगणात! दुखणं रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला."

"काकू, जितकं खोल बघायचं, तितकी रांग लांब लागते." मोजणीवाल्याने खुंटीला वायर जोडली. रस्त्यापासून निघालेली रांग फाटकातून आत आली होती. "जमिनीत वीज सोडतो. खाली ओल असली की ती सहज जाते. म्हणजे रस्ता कशानं बसतोय ते कळेल."

"त्याला यंत्र कशाला? ठेकेदारानं खाल्लंय. रस्ता भरतात आणि बसतोय, भरतात आणि बसतोय. त्यात समोरच्यांचं सांडपाणी वाहतंय रस्त्यावर. आमच्या घरचा थेंब आजवर उंबऱ्याबाहेर गेला नाही. आतच खड्डा केलाय, सगळं त्यात जिरतं."

मोजणीवाल्याने मान वर केली. "कुठे?"

बाईंनी हनुवटीनेच मागची खोली दाखवली. खड्डा तिच्या भिंतीला लागून होता. खोलीत परवाच दवाखान्यातून आलेली सून तान्ह्याला कुशीत घेऊन निजली होती.

तो रांग घेऊन तिकडे गेला. खुंटी ठोकली, वीज नीट उतरावी म्हणून बुडाशी मिठाचं पाणी ओतलं, यंत्राकडे पाहिलं. काच बाहीने पुसून पुन्हा पाहिलं. मग खुंटी उपटून भिंतीच्या आणखी जवळ धरली. या वेळी त्याने हातोडा उचललाच नाही. तळहाताने नुसती दाबली.

खुंटी आत गेली. पार डोक्यापर्यंत.

"काय झालं? भूत दिसलं का खाली?" बाई म्हणाल्या.

तो हसला नाही. दबकत दोन पावलं मागे सरला.

"काकू, इथल्या पाण्यानं खालची माती नेलीय, पार रस्त्यापर्यंत. या भिंतीपलीकडे कोण झोपतं?"

बाई पुढे होऊन खुंटी गेली त्या जागेशी वाकल्या. न्हाणीघरात थोरला मुलगा अंघोळ करत होता. त्याने बादली उपडी केली. पाणी पाइपातून गडगडत आलं, भिंतीच्या बुडाशी पोचलं आणि नाहीसं झालं.

"नळ बंद कर रे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू आला.

बाईंच्या चपलांचा आवाज आला की अख्खं घर ताठ होई. त्या चपला त्यांनी दारातच काढल्या. भिंतीला हात न लावता, एकेक पाऊल टेकवत त्या खाटेपाशी गेल्या.

"सूनबाई, ऊठ. बाळाला माझ्याकडे दे."

"काय झालं, आई?"

"काही नाही गं." त्यांनी तान्ह्याला छातीशी धरलं. "पण पाय जरा हळू टाक."