हिरव्या केसांची देवी

कर्जतजवळ कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या रिसॉर्टात सकाळपासून माणसं लोटली होती. पोहण्याच्या तलावाकाठी पाटावर विमलबाई बसल्या होत्या आणि त्या पाण्यानं रोज न्हाऊन त्यांचे पांढरे केस खरोखरच हिरवे झाले होते. बाजूला मणिनाथ महाराज सांगत होते, पाण्यात धातूंचं तेज उतरलंय, ज्याचं पुण्य पिकलं त्याच्याच डोक्यावर हिरवी अंबा बसते. लोक त्याच तलावाचं पाणी तीर्थ म्हणून पीत होते.

विमलबाईंची सून सुप्रिया तिथंच पाण्याची तपासणी करायची. पाण्यात तांबं सोडणारं नवं 'मिनरल' यंत्र आल्यापासून तिच्या काचनळीत थेंब टाकले की रंग गडद येई. तांबं मर्यादेच्या चौपट. मॅनेजरनं बजावलं, तू नि तुझा नवरा दोघं इथंच कामाला आहात, गप्प राहा. नवरा, विपुल, म्हणाला, आईनं जन्मभर लोकांच्या फरशा पुसल्या, आज लोक तिच्या पाया पडतात, ते तू हिरावणार? आठ दिवस ती आरतीचं ताट धरून सासूशेजारी उभी राहिली.

नवव्या दिवशी गावातली भागूबाई तापानं फणफणलेली नात घेऊन आली. दवाखान्याच्या गोळ्या तिनं बंद केल्या होत्या. दोन दिवस तीर्थ पाजल्यापासून पोर ओकत होती, तरी पुन्हा पेला भरला गेला. सुप्रियानं ताट खाली ठेवलं आणि पेला धरला.

"हे पाणी पाजू नका."

सुनेला सासूचा मान सोसवत नाही, असं महाराज म्हणाले. माणसं हसली. सुप्रियानं तलावाच्या शिडीला बांधलेली दोरी ओढली. टोकाला हिरव्या केसांचा झुपका होता.

"हे धाकलूकाकांच्या पांढऱ्या बोकडाचे केस. आठ दिस झाले, मीच पाण्यात सोडलेत. बोकडाचं कुठलं पुण्य पिकलं?"

मग तिनं समजावलं. पाण्यात तांबं वाढलं की ते केसांना धरतं. काळ्या केसांवर दिसत नाही, म्हणून महाराजांनी पिकलेलं डोकं निवडलं. यंत्राचं तांबं कमी पडलं म्हणून महाराजांचे चेले वरून मोरचूद, तांब्याचीच भुकटी, टाकत होते. पंपघर सांभाळणाऱ्या धाकलूनं ते पाहिलं होतं, त्यानं तिथून पिशवीच आणली. बुरशीवर फवारायचं ते निळं औषध शेतकऱ्यांनी लगेच ओळखलं.

सगळे विमलबाईंकडे बघू लागले. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मलाबी चार दिस मळमळतंय गं. पण देवी करून बसवलेली बाई उठून सांगणार कुणाला?"

भागूबाई नातीला घेऊन कर्जतच्या दवाखान्यात गेली. महाराज मागच्या दारानं गेले. सुप्रियाची नोकरी त्याच दिवशी गेली. पोर मात्र वाचली.

देव मानायचा त्यानं मानावा. पण ओठांना लावण्याआधी पाण्यात काय आहे, ते विचारावं. विचारल्यानं कुठलाच देव कोपत नाही.